मुरूडची शाळा आणि दरमहा पंधरा रुपये

चिपळूणहून कराडच्या एस.टी.त बसलात म्हणजे कुंभार्ली घाट केव्हा चढून गेलो तेही कळत नाही. वळणावर कुणाला मळमळले तर तेवढाच काय तो त्रास. १८७५ साली हाच सह्याद्री चढून दापोली तालुक्यातल्या मुरूड गावची काही मुले पायी साताऱ्याला गेली होती. अंतर शंभर मैलांहून अधिक. डोंगर, जंगल, पाठीवर वळकटी, आणि पोचायचे ते ठरल्या दिवशी. कारण साताऱ्यास मराठी सहावीची परीक्षा होती. ती परीक्षा उतरली की मास्तरकीची किंवा कारकुनीची वाट मोकळी होई. तिला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण हवीत, असा नियम होता.

मुले पोचली. परीक्षा-समितीच्या अध्यक्षांनी त्यांतल्या एका किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले आणि हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही, असे ठरवून टाकले. शाळेचा दाखला होता, त्यावर वय लिहिलेले होते. पण दाखल्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवण्यात आला. मुलगा परीक्षेला न बसता आल्या वाटेने परत गेला.

त्या मुलाचे नाव धोंडो केशव कर्वे. १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातल्या शेरवली या आजोळच्या गावी त्यांचा जन्म झाला. म्हणजे वय भरत होते हो! नुसते दिसत नव्हते.

ही हकीगत कर्व्यांनी स्वतः सांगितलेली आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ती शाळेच्या पुस्तकात वाचलीही असेल. धड्यात ती चिकाटीची गोष्ट म्हणून येते. ती तशी आहेच. पण मी ती जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा माझे लक्ष त्या टेबलामागच्या गृहस्थांकडे जाते. ते दुष्ट नव्हते. नियम पाळत होते. एका मिनिटात एका मुलाचा निकाल लावायचा होता, तो त्यांनी लावला. आणि त्याच वेळी इकडे मुरूडला एक मास्तर असे होते, की ज्यांनी ह्याच मुलाकडे एक मिनिट नव्हे, कित्येक वर्षे पाहिले होते. शाळेत काही नवे घडते की नाही, हे या दोन पाहण्यांतल्या फरकावर पुष्कळ अवलंबून असते. आज मला बोलायचे आहे ते त्याविषयी.

त्या मास्तरांचे नाव विनायक लक्ष्मण सोमण. मुरूडच्या शाळेतले हे गुरुजी. त्या काळची मराठी शाळा कशी होती? अक्षर घटवायचे, मोडी वाचायची, पाढे म्हणायचे. नुसते बे एके बे नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. तपासणीला दिपोटी यायचे, मुलांना उभे करून विचारायचे आणि त्यावर शाळेची किंमत ठरायची. यात वर्तमानपत्राला जागा नव्हती. सोमण गुरुजींनी ती केली. मुरूडला दुर्गादेवीचे देऊळ आहे. तिथे गावकऱ्यांपुढे वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचा परिपाठ पडला, आणि वाचणारा असे हा शाळकरी धोंडू.

आता यात काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. विचार करून पाहा. मुलगा आजवर मास्तरांपुढे वाचत होता. चूक झाली तर छडी. आता तो बापाच्या वयाच्या माणसांपुढे वाचतो आहे, आणि ती माणसे चूक काढायला नव्हे, तर बातमी कळावी म्हणून कान देऊन बसली आहेत. कळले नाही तर पुन्हा वाच म्हणतात. म्हणजे वाचन हे परीक्षेचे काम राहिले नाही, ते गावाच्या उपयोगाचे काम झाले. शिक्षणशास्त्राच्या आजच्या पुस्तकांत यासाठी लांबलांब शब्द सापडतील. सोमण गुरुजींपाशी ते शब्द नव्हते, खर्चाला पैसे नव्हते, वरून आलेला हुकूमही नव्हता. गावात येणारे एक वर्तमानपत्र, देवळातली जागा आणि एक धीट नसलेला मुलगा, एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम भागवले. लोकांसाठी काही करावे ही बुद्धी आपल्याला या गुरुजींमुळे झाली, असे कर्व्यांनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे.

पुढचा भाग तुम्हाला ठाऊक आहे म्हणून भराभर सांगतो. कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. मुंबईत शिकवण्या करीत असतानाच त्यांनी आपल्या गावासाठी मुरूड फंड उभा केला. १८९१ पासून पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि ज्या मुरूडसाठी फंड काढला त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरी आई होती. तिला मुलाला घरात उतरवून घेण्याची चोरी झाली. १८९६ साली विधवांसाठी आश्रम, पुढे हिंगण्याची झोपडी, १९०७ साली महिला विद्यालय. यातल्या प्रत्येक पायरीवर एक स्वतंत्र भाषण होईल. पण नवे शिक्षण कसे उभे राहते याचे खरे दर्शन होते ते १९१५ सालच्या एका छोट्या पुस्तिकेपासून.

काशीच्या एका गृहस्थांनी ती टपालाने पाठवली होती. जपानात टोकियोला स्त्रियांचे विद्यापीठ निघाले होते, त्याची माहिती तीत होती. कर्व्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवून दिली. त्यात नवल नाही. आपल्या शाळेतही टपालाने येणाऱ्या पुस्तिकांचे तेच होते! पण त्याच वर्षअखेरीस मुंबईला भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणात काय सांगावे असा विचार करताना ती पुस्तिका पुन्हा हाती आली. परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या निराळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढल्याच वर्षी, १९१६ मध्ये, ती अमलात आणली.

या विद्यापीठात नवे काय होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट भाषेची. उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यायचे. त्या वेळी मुंबई विद्यापीठात इतिहास शिकायचा तो इंग्रजीतून. मराठी मुलीला शिवाजीमहाराजांचा इतिहासही परक्या भाषेत तोंडपाठ करावा लागे. कर्व्यांनी इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला, पण बाकीचे विषय मुलीच्या भाषेत आणले. गांधीजींना मातृभाषेचे माध्यम मनापासून पसंत होते, पण इंग्रजीची सक्ती नको होती. कर्व्यांनी ती सोडली नाही. दुसरी गोष्ट विषयांची. आरोग्य, गृहशास्त्र हे विषय पदवीच्या अभ्यासात आले. यावर टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. मुलगी म्हणजे घर, हे समीकरण त्या अभ्यासक्रमात थोडेफार होतेच. पण तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या स्त्रियांना घर सोडून कॉलेजात येणे शक्य नव्हते, त्यांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसता येई. सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून ज्याला साताऱ्याच्या दारातून परत लावले, त्याच्या विद्यापीठाचे दार असे होते. हा संबंध मी जोडतो आहे; कर्व्यांनी तो कुठे जोडला असे मी म्हणत नाही.

आपल्या रत्नागिरीच्या वाचकांसाठी एक आडबाजूची गोष्ट सांगतो. या विद्यापीठाचे पहिले कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. जन्म मालवणचा, शिक्षण रत्नागिरीत, आणि पुढे रत्नागिरी हायस्कुलाचे ते हेडमास्तर होते. पहिले कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे. ते मुरूडजवळच्या मुर्डी गावचे, आणि त्यांना शिक्षणासाठी मुंबईला नेले ते कर्व्यांनीच. म्हणजे हिंदुस्थानातल्या पहिल्या महिला विद्यापीठाची बैठक भरली की तिच्यात कोकणी हेल चांगलाच ऐकू येत असेल!

पहिल्या वर्गाला मुली किती होत्या? पाच. त्यांना मिळायच्या पदवीचे नाव होते गृहीतागमा. ती सरकारमान्य नव्हती. जरा त्या पाच मुलींच्या घरात जाऊन बसा. शेजारी विचारणार, ही पदवी कशाची? हिला नोकरी मिळेल का? आणि खरे उत्तर असे की सांगता येत नाही. कायद्याने या विद्यापीठाला पूर्ण दर्जा मिळाला तो १९५१ साली. म्हणजे पस्तीस वर्षे मुली आणि त्यांचे पालक एका कच्च्या कागदावर विश्वास ठेवून चालले. नव्या प्रयोगाचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकाचे नाव लिहितो, देणगीदाराचे लिहितो. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला मिळाले, हे योग्यच झाले. पण प्रयोग फसला असता तर ज्यांचे आयुष्य फुकट गेले असते, त्या पाच मुली होत्या. शाळेत काही नवे करून पाहणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब मनाशी ठेवावा. प्रयोग आपला असतो. वर्ष मुलाचे जाते.

१९२९ साली एकाहत्तर वर्षांचे कर्वे जगाच्या प्रवासाला निघाले. इंग्लंडात माल्व्हर्नला प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला ते हजर राहिले. जिनिव्हात त्यांनी आपल्या महिला विद्यापीठाच्या प्रयोगावर भाषण केले. ऑगस्टमध्ये ते डेन्मार्कात एल्सिनोरला होते. हॅम्लेटचे हे गाव. तिथे नवशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. मारिया माँटेसरीबाईंच्या पद्धतीचा प्रसार करणारी जागतिक संस्था स्थापन झाली ती त्याच ठिकाणी, त्याच महिन्यात. मुलाला बसवून शिकवू नका, त्याला हाताने करू द्या, हा विचार तेव्हा युरोपात जोरात होता.

परत आल्यावर कर्व्यांनी काय केले असेल? एखादी नमुनेदार, काचेच्या खिडक्यांची शाळा काढली? नाही. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही, तिथे शाळा काढायची. त्यांना सत्तर रुपये पेन्शन होती. तीतले पंधरा रुपये दरमहा त्यांनी पहिल्या शाळेसाठी बाजूला काढले. बाकीच्यासाठी घरोघर फिरून वर्गणी. भारतरत्न व्हायला अजून बावीस वर्षे होती. दारात उभा होता तो एक हडकुळा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा, आणि मागत होता ते चिल्लर पैसे.

काहींना हे पाऊल मागे टाकल्यासारखे वाटेल. विद्यापीठ काढणारा माणूस, एल्सिनोर पाहून आलेला, आणि आता एक खोली, एक मास्तर, एक फळा? मला तसे वाटत नाही. नवे म्हणजे कधीच कुठे न झालेले, असा आपला एक समज असतो. ज्या वाडीत आजवर कुणी पाटी धरली नाही, तिथे पहिली पाटी आली, तर त्या वाडीपुरती त्याहून नवी गोष्ट कोणती? शिवाय या मंडळाचा आणखी एक आग्रह होता. एकदा अक्षर शिकलेला प्रौढ माणूस वाचन सोडून देतो आणि पुन्हा निरक्षर होतो. तसे होऊ नये म्हणून त्याच्या हाती वाचायला काहीतरी येत राहिले पाहिजे. इथे मला तर पुन्हा दुर्गादेवीचे देऊळच दिसते. साठ वर्षांनंतर सोमण गुरुजींचा धडा त्यांचा विद्यार्थी पुन्हा गिरवीत होता. अशा चाळीसेक शाळा उभ्या राहिल्या. पुढे प्राथमिक शिक्षण सरकारने आणि बोर्डांनी हाती घेतले, तेव्हा मंडळाचे काम ओसरले. ते ओसरण्यासाठीच होते.

आणि एल्सिनोरला जो विचार गाजत होता, तो खेड्यात आणण्याचे काम दुसऱ्या दोघींनी केले. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या, आता पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. माँटेसरीची साधने त्यांना उत्तम माहीत होती, आणि ती किती महाग हेही माहीत होते. गुळगुळीत लाकडी ठोकळे, रंगांच्या पट्ट्या, मणी. खेड्यात हे कोण घेणार? त्यांनी शिंपले घेतले, चिंचोके घेतले, खडे, पाने, बिया घेतल्या. मोजायला चिंचोका काही मण्याहून कमी मोजला जात नाही.

तरीही मुले बालवाडीत येईनात. तेव्हा मुलांना बोलावण्याऐवजी बालवाडीच वस्तीत गेली, कुणाच्या तरी अंगणात भरली. ती अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. तिथली मोठी मुले गुरांमागे असत. शाळेत ये म्हटले तर गुरे कोण राखणार? म्हणून शिकवणारा गुरांमागे गेला आणि कुरणशाळा निघाली. १९७५ पासून केंद्र सरकारच्या बालविकास योजनेत अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज तो शब्द सरकारी फलकावर वाचताना त्यामागचे खरेखुरे, शेणाने सारवलेले अंगण कुणाला आठवत नाही.

मुरूड, हिंगणे, बोर्डी, कोसबाड. चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आढळते. कल्पना सुचली आणि काम झाले, असे कुठेच झाले नाही. कल्पना तर टपालानेसुद्धा येते. ती पिकेपर्यंत तिचा दरमहाचा खर्च आणि तिच्यावरचा दोष कुणीतरी आपल्या अंगावर घ्यावा लागतो. मास्तराला नवे करून पाहा म्हणणारे पुष्कळ असतात. करून पाहिले आणि कुणी विचारायला आले, तर त्याच्या बाजूला उभे राहणारे थोडे.

आमच्याकडचीच एक गोष्ट सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. माझा एक जुना विद्यार्थी खाडीकाठच्या एका कमी पटाच्या शाळेत गुरुजी आहे. चौथीच्या मुलांना अपूर्णांक काही केल्या उमजेनात. खाडीवरच्या माणसांचा एक जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. म्हणजे चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, तेव्हा भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. गुरुजींनी मुलांना कॅलेंडर दिले, पाऊणकी करायला लावली आणि उत्तर बरोबर आले का ते पाहायला रोज जेटीवर नेऊ लागला. जेटीच्या खांबावर खडूने रेघ, शेजारी घड्याळाची वेळ, वहीत दोन रकाने. एकात गणिताने आलेली वेळ, दुसऱ्यात डोळ्यांनी पाहिलेली. काही दिवशी दोन्ही जुळत, काही दिवशी अर्ध्या तासाचा फरक पडे, आणि फरक का पडतो यावर मुलांची खलाशांशी भांडणे होत.

अशाच एका दिवशी तपासणीला साहेब आले. वर्ग रिकामा. त्यांनी शेरेबुकात लिहिले की भेटीच्या वेळी चौथीचा वर्ग वर्गखोलीत आढळला नाही. खोटे काहीच नव्हते त्यात. गुरुजी घाबरला. दुसऱ्या दिवशी मुले खोलीत बसली, फळ्यावर अंश आणि छेद आले. दोन-तीन दिवस असेच गेले. मग शाळेच्या मुख्याध्यापकांनी, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले गृहस्थ, शेरेबुक मागवून घेतले. त्या शेऱ्याखाली त्यांनी आपल्या जुन्या वळणाच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि गुरुजीला म्हणाले, “उद्यापासून ने मुलांना. लिहिणारा मी आहे, विचारतील ते मला.”

ते शेरेबुक मी पाहिले आहे. त्या दोन ओळी अशा: “मुले जेटीवर होती. वही सोबत जोडली आहे.”